मागं राहिलेली सम

"दोघं गातायत, अन् त्यातला एक मागं पडतोय," असं म्हणून नानांनी डग्ग्यावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

गाणारा एकच होता. मधल्या खोलीतल्या संगणकावर ते अभंगाचं ध्वनिमुद्रण मीच लावलं होतं आणि तिथे बसून मला त्यात काही वावगं ऐकू येत नव्हतं. उठून ओसरीच्या दारात उभा राहिलो तेव्हा नाना काय म्हणत होते ते कळलं. खोलीतला टाळ वाजायचा आणि तो विरायच्या आत ओसरीवरच्या स्पीकरमधून तोच टाळ पुन्हा वाजायचा. एका कानात सम आणि दुसऱ्या कानात तिची सावली. नाना, माझे वडील, त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. नजर आता अंधुक झाली आहे, पण पखवाजाच्या धुमेला कणीक कमी पडली तर ते शेजारच्या गल्लीतून ओळखतात. त्यांनी हात उचलला म्हणजे चूक गाण्यात होती, त्यांच्या हातात नव्हती. हे मी तिथेच मान्य केलं आणि पुढचे तीन महिने त्या मागं पडणाऱ्याच्या शोधात घातले.

आमचं फर्दापूर लोकांना ठाऊक असतं ते गाडी थांबवायचं ठिकाण म्हणून. अजिंठ्याची लेणी पाहायला आलेला माणूस टी-पॉइंटला उतरतो, तिथल्या बसमध्ये बसतो आणि चारेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे निघून जातो. मागच्या गल्ल्यांत कोणी येत नाही. आमचं घर त्या गल्ल्यांतलं. काळ्या दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती, पुढे ओसरी, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. मी शाळेत शिकवून निवृत्त झालो. नानांनी जन्मभर शेती केली आणि पन्नासेक वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज आणि तबला वाजवला. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं आणि देवळाच्या पायऱ्या त्यांना बंद झाल्या. देऊळ घरापासून दोनशे पावलांवर. पण दोनशे पावलं आणि अकरा पायऱ्या हे अंतर आता त्यांच्यासाठी आळंदीइतकं लांब झालं आहे.

तेव्हापासून दुपार कलली की ते ओसरीवर तबला मांडून बसतात. मधल्या खोलीतल्या संगणकावर मी गाणं लावतो आणि ते त्यावर ठेका धरतात. संगणकाला वायरचे दोन जुने स्पीकर आहेत. आई स्वयंपाकघरात असते, ते तिच्यासाठी चालू ठेवायचे. गेल्या दिवाळीत नानांसाठी वेगळा बिनतारी स्पीकर आणला आणि ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. एकाच संगणकातून एकच गाणं दोन ठिकाणी वाजू लागलं, आणि त्या दिवसापासून गाणाऱ्यांची संख्या दोन झाली.

घरातल्या गाण्यात काही बिघडलं की पहिलं नाव नेटचं निघतं. मीही तेच नाव घेतलं. राऊटर कोनाड्यातून काढून कपाटावर ठेवला, गाण्याचा दर्जा कमी करून पाहिला, संगणक तीनदा बंद-चालू केला. शेवटी संगणकात पूर्वीच उतरवून ठेवलेलं एक गाणं लावलं आणि राऊटरची वायर काढून टाकली. नेट बंद, गाणं चालू, आणि टाळ दोनदा वाजतोच आहे. नेट सुटलं. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि ती सगळ्यांत आधी करावी, म्हणून इथे लिहून ठेवतो.

नेटवरचं गाणं नळाच्या पाण्यासारखं येतं. कधी जोरात, कधी करंगळीएवढी धार, कधी नुसती हवा. नळाचा भरवसा नाही म्हणून घरात रांजण असतो. तो भरलेला असला की नळ कसाही येवो, तांब्या कधी रिकामा राहत नाही. संगणकातल्या या रांजणाला बफर म्हणतात. ॲप आधी काही सेकंदांचं गाणं भरून घेतं आणि मगच धार सोडतं. पडद्यावर चक्री फिरत राहते ती रांजण भरण्याची वाट पाहत. गाणं सुरू व्हायला उशीर लागतो तो इथे. एकदा धार लागली की ऐकणाऱ्याला तो उशीर जाणवतही नाही. पाणी काल भरलेलं असो की आज, तहान भागते.

पण घरात एकच भांडं नसतं. ॲपच्या रांजणातलं गाणं संगणकाच्या मुख्य प्रणालीच्या घागरीत पडतं, तिथे इतर आवाजांत मिसळतं, मग ध्वनीकार्डाच्या कळशीत. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे असतात. कळशी ५१२ तुकड्यांची असेल तर ती भरायला साडेअकरा मिलिसेकंद लागतात, १,०२४ ची असेल तर तेवीस. एका मिलिसेकंदाला काय किंमत, असं वाटेल. बिनतारी स्पीकरपाशी ती किंमत कळते. तिथे गाणं आधी दाबून लहान करावं लागतं, रेडिओलहरींवरून पाठवावं लागतं, वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवावा लागतो. आमच्या दगडी भिंतीत तर असे तुकडे बरेच हरवत असणार. म्हणून स्पीकरच्या पोटातही एक भांडं असतं. नेहमीच्या ब्लूटूथ स्पीकरचा उशीर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांच्या घरात जातो. सिनेमा पाहताना तो लक्षात येत नाही, कारण बहुतेक वेळा चित्रच तेवढं मागे धरून ठेवलेलं असतं. एकच स्पीकर लावून गाणं ऐकताना तर तो कळायला मार्गच नाही. तारेचा आणि बिनतारी असे दोन स्पीकर एकाच घरात एकाच वेळी लावले की चोरी उघड होते.

मी मोजून पाहिलं. एक सेकंद शांतता आणि मग एकच "टक", अशी ध्वनिफीत तयार केली, ती दोन्हीकडे लावली आणि दाराच्या उंबऱ्यावर मोबाइल ठेवून ती मुद्रित केली. आलेखात दोन शेंडे दिसले, आणि त्यांच्यातलं अंतर होतं २३० मिलिसेकंद.

आता हा आकडा नानांच्या भाषेत आणायचा होता. मध्यलयीतल्या भजनात मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. २३० म्हणजे अर्ध्या मात्रेच्या किंचित अलीकडे. तो नेमका अर्ध्यावर पडला असता तर निदान दुगणीच्या हिशेबात बसला असता. अलीकडे पडत होता म्हणून कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. आणि मग मला आठवलं, संथ आलापीच्या गाण्यांबद्दल नाना कधी काही बोलले नव्हते. मात्रा दोन सेकंदांची असेल तर २३० मिलिसेकंदांची सावली म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यातला घुमारा वाटतो. उशीर तेवढाच असतो. तो चालतो की नाही हे लय ठरवते. हा आकडा मी नानांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तो पाव मात्रेला उशिरा निघतो अन् अर्धीला पोचत नाही. असा टाळकरी आम्ही मागच्या ओळीत उभा करायचो."

उपाय साधा निघाला. पंधरा मीटर जाळीदार वायर आणली, भिंतीच्या कडेने ओसरीपर्यंत नेली आणि तिथे वायरचाच स्पीकर जोडला. पहिल्या दिवशी त्यात बारीक गुणगुण आली, ती अर्थिंग नीट केल्यावर गेली. पुन्हा उंबऱ्यावर मोबाइल, पुन्हा टक. आता दोन शेंड्यांचा एक झाला होता. नानांच्या जागेवरून मोजलं तर वीसेक मिलिसेकंदांचा फरक राहत होता, पण तो संगणकाचा नव्हता, हवेचा होता. मधल्या खोलीतले स्पीकर त्यांच्यापासून सात मीटर लांब. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे साधारण तीन मिलिसेकंद. एवढा फरक कान पोटात घालतो. जर्मनीतल्या हेल्मुट हास यांनी १९४९ साली हे प्रयोगाने दाखवलं. बोलण्याचा तोच आवाज तीसेक मिलिसेकंदांच्या आत दुसरीकडून आला तर कान दोन आवाज मोजत नाही, जो आधी आला त्याच्याच जागेवरून सगळं येतं असं धरतो. मोठ्या मंडपात मागचे स्पीकर जाणून थोडे उशिरा वाजवतात ते याच्याच आधारावर. आवाज मंचावरून आल्यासारखा वाटतो आणि मागच्या माणसालाही स्पष्ट ऐकू येतं. टाळीसारखा तुटक आवाज मात्र कान याहून लवकर पकडतो.

नानांनी डोळे मिटून अभंगाचं एक कडवं ऐकलं. मग म्हणाले, "आता एकच आहे." आणि डग्ग्यावर हात ठेवला.

इथे थांबायला हवं होतं, पण आकड्यांची गोडी लागली होती. उशीर कमी करता येतो म्हटल्यावर तो आणखी कमी करावा असं वाटलं. ध्वनीकार्डाची कळशी १२८ तुकड्यांवर आणली. तीन मिलिसेकंदांचीसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी गाण्यात खरखर सुरू झाली. मधेच टकटक, मधेच सूर तुटल्यासारखा. कारण उघड होतं. कळशी इतकी लहान केली की संगणकाला दर तीन मिलिसेकंदांनी ती भरायला धावत यावं लागतं. तो पाच मिलिसेकंद दुसऱ्या कामात अडकला की कळशी कोरडी. कोण अडकवतं ते दाखवणारा लेटन्सीमॉन नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो तासभर चालवला तेव्हा वायफायच्या कार्डाचं नाव वर आलं. ते दर थोड्या वेळाने संगणकाला थांबवून आजूबाजूचे राऊटर धुंडाळत होतं. त्यात वीज वाचवायची सोय चालू होती, म्हणून प्रोसेसर मधेमधे डुलकी घेत होता. वायफाय बंद करून नेटही वायरने घेतलं, वीज वाचवण्याची सोय काढली, आवाज "सुधारणारे" सगळे पर्याय बंद केले. खरखर पुष्कळ कमी झाली.

पूर्ण गेली ती कळशी पुन्हा मोठी केल्यावर. २,०४८ तुकडे, सेहेचाळीस मिलिसेकंद. नाना फक्त ऐकून त्यावर वाजवत होते. गाणं त्यांच्याकडे सेहेचाळीस मिलिसेकंद उशिरा निघालं काय किंवा सेहेचाळीस वर्षं, त्यांच्यासाठी ते पोचेल तेव्हाच सुरू होतं. त्या गायकाने ते गायलं त्याला तीसहून अधिक वर्षं झाली आहेत, आणि नानांची साथ त्याला अचूक जमते. ऐकणाऱ्याला अखंड धार हवी असते. जो ऐकवतोही आणि ऐकतोही, त्याला वेळ हवा असतो. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि संगणकाला आपण यातलं काय मागतोय ते आपल्यालाच ठरवावं लागतं. खरखर आणि उशीर या दोन्हींवर एकच औषध शोधत राहणाऱ्याचे महिने वाया जातात.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, आमच्या गल्लीत ती पोचली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. सकाळी शाळेत जाताना पहिल्या घरातून गाण्याचं ध्रुपद ऐकू यायचं आणि शेवटच्या घरापाशी पोचेपर्यंत अंतरा संपत आलेला असायचा. मधलं एकही अक्षर बुडायचं नाही, कारण सगळ्या घरांत तोच क्षण वाजत असायचा. जळगाव आकाशवाणीवरच्या बाजारभावांचंही तसंच. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने येते आणि जुन्या रेडिओत साठवायला भांडंच नसतं. आज त्याच गल्लीत क्रिकेटचा सामना चालू असला की पहिल्या घरात आरडाओरडा होतो, तिसऱ्या घरात गोलंदाज अजून धावतच असतो. नेटवरचं थेट प्रक्षेपण सहा-सहा, दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवायची पद्धत २००९ पासून रूढ झाली. घरचा फोन असे दोन-तीन तुकडे भरून घेतल्याशिवाय सुरू होत नाही. अर्धा मिनिट तिथेच जातो. आणि प्रत्येक घरचा अर्धा मिनिट वेगळा. गल्लीतून चालताना आता कुठल्याच गाण्याचं कडवं पुरं होत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. गाणी भरपूर झाली, पण गल्लीचं मिळून एक गाणं राहिलं नाही.

आषाढी एकादशीला मंडळातल्या एका मुलाने नानांसाठी देवळातलं भजन फोनवरून थेट दाखवायचं ठरवलं. प्रेमाने ठरवलं, दोन वेळा येऊन संगणक बघूनही गेला. संध्याकाळी मी ते लावलं. पडद्यावर मंडळ बसलेलं, पेटीवाले पान लावून घेत आहेत, विणेकरी उभे राहत आहेत. आणि त्याच वेळी ओसरीवर, वाऱ्यावरून, देवळाच्या कर्ण्यातून, पहिला अभंग सुरू झालेला. देऊळ घरापासून सरळ रेषेत दीडशे मीटरवर असेल. हवेतून आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत आला. तोच आवाज फोनमधून, कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या यंत्रांकडे जाऊन, तुकडे होऊन, परत आमच्या ओसरीवर यायला पंचवीस सेकंद लागले. तोवर कर्ण्यावर ध्रुपद दोनदा आळवून झालं होतं.

"ते बंद कर," नाना म्हणाले. मी संगणक बंद केला. त्यांनी वाऱ्याकडे कान केला आणि कर्ण्यावरच्या भजनाला ठेका धरला. दीड तास वाजवलं. देवळातल्या समेच्या अर्धा सेकंद मागे त्यांची सम पडत होती, पण हे तिथे कोणाला ऐकू जात नव्हतं आणि इथे ओसरीवर सगळं जुळलेलं होतं. वारीत लांब दिंडी चालते तेव्हा शेपटाच्या टाळकऱ्यांना मृदंग उशिराच ऐकू येतो. पन्नास मीटरला जवळजवळ दीडशे मिलिसेकंद. ते कानावर विसंबत नाहीत, पुढच्याच्या टाळाकडे पाहतात. उचललेला हात दिसतो त्याच क्षणी दिसतो. नानांना तो हात दिसत नव्हता, एवढाच फरक.

त्यानंतरच्या एका सकाळी मी लेण्यांकडे गेलो. शाळेच्या सहली घेऊन कित्येकदा गेलो आहे, पण आता कान वेगळा झाला होता. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर उभं राहिलं की रखवालदाराची शिट्टी समोरच्या कड्यावर आपटून परत येते. सेकंदाने परत आली तर कडा एकशे सत्तर मीटरवर. हा एकटा उशीर, स्पष्ट, मोजता येणारा, म्हणून त्याला आपण प्रतिध्वनी म्हणतो. दहाव्या लेण्यात, त्या जुन्या चैत्यगृहात, माणूस नुसता खाकरला तरी आवाज स्तूपाभोवती बराच वेळ रेंगाळतो. तिथे हजारो लहान उशीर एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांतला एकही वेगळा काढता येत नाही. पठणासाठी ती जागा केवढी सुंदर असेल. जलद ठेक्यासाठी तिथे बसायला कोणी तयार होणार नाही.

मग पहिल्या लेण्यात महाजनक जातकातल्या नर्तकीसमोर उभा राहिलो. मुलांना मी नेहमी तिचे दागिने, तिच्या अंगाची वळणं दाखवत आलो. त्या दिवशी तिच्याभोवतीच्या वादक स्त्रियांकडे पाहिलं. बासरी आहे, ढोल आहेत, झांजा आहेत. आणि सगळ्या जणी इतक्या दाटीने आहेत की खांद्याला खांदा लागतो. चित्रकाराला भिंत कमी पडली म्हणून असं नसावं. वादक असेच बसतात. दोन मीटरच्या आत सगळे, म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आत सगळे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कलावंताने कोणतंही गणित न मांडता जे काढून ठेवलं, ते मी वायर आणि मोबाइल घेऊन तीन महिने शोधत होतो. घरी आल्यावर ओसरीवरचा स्पीकर कोनाड्यातून काढला आणि नानांच्या डाव्या हाताला, दोन हातांवर, पाटावर ठेवला. पेटीवाले बसायचे तिथे.

खरी अडचण पुढेच होती. माझी मुलगी पुण्यात राहते, गाणं शिकते. २०२० च्या टाळेबंदीत तिच्या गुरुजींनी फोनवरच शिकवलं आणि तेव्हापासून तिला दूरच्या शिकण्याची सवय आहे. गुरुजी गातात, थांबतात, मग ती गाते. एकामागून एक, म्हणून ते जमतं. तिला नानांच्या तबल्यावर गायचं होतं. मी दोन्हीकडे वायरचं नेट करून घेतलं, नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर दोघांना बसवलं. ती गाऊ लागली, नानांनी ठेका धरला, आणि पाच मिनिटांत अभंग बसत बसत रडगाणं होत गेला. ती त्यांच्या समेसाठी थांबायची, ते तिच्या शब्दासाठी थांबायचे. दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि त्या सांभाळण्यातच लय बुडत होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या खोल्यांत माणसं बसवून टाळ्यांवर हाच प्रयोग केला आहे. उशीर वाढला की लय उतरते, अगदीच थोडा असला तर ती चढते. खेटून बसलेलं मंडळ शेवटी द्रुत लयीत का जातं, याचं निदान एक कारण यात असावं असं मला वाटतं.

संवादासाठी एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. साथीला त्याच्या सहाव्या हिश्श्यानंतरच जड जाऊ लागतं. पुणं इथून सव्वातीनशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे अंतराचा उशीर दोन मिलिसेकंदसुद्धा नाही, ओसरीतल्या ओसरीत अर्ध्या मीटरवर बसल्यासारखा. बाकी सगळा उशीर भांड्यांचा आहे, तिच्या घरातल्या, माझ्या घरातल्या आणि मधल्या प्रत्येक नाक्यावरच्या. जॅम्युलससारखे खास वादकांसाठी केलेले प्रोग्राम ही भांडी लहान करतात. त्याने आम्ही साठ मिलिसेकंदांपर्यंत उतरलो. वीस मीटरच्या मंडपाच्या दोन टोकांना बसून गाण्यासारखं. ती म्हणाली, चालेल. नाना म्हणाले, "पोरगी लांब बसलीय," आणि वाजवायचे थांबले. त्यांचं बरोबर होतं.

शेवटी आम्ही एकाच दिशेने जायचं ठरवलं. तिने तानपुऱ्यावर अभंग गाऊन पाठवला. नानांनी एका कानाला हेडफोन लावून त्यावर वाजवायचं आणि मी तबला मुद्रित करायचा. पहिल्या वेळी त्यांचाच तबला मी हेडफोनमधूनही त्यांना ऐकवला. दोन ठोके पडले आणि ते थबकले. "हा दुसरा कोण वाजवतोय?" स्वतःचा आवाज थोडा मागून कानात पडला तर माणूस अडखळतो. बोलण्याच्या बाबतीत बर्नार्ड ली यांनी हे १९५० साली नोंदवलं आहे, तबल्याला तर ते किती लागणार. तो धागा मी तोडला. तबला त्यांना हवेतून ऐकू येतोच, संगणकाकडून तो मागायचं कारण नव्हतं.

राहिला होता एकच हिशेब. तिचा आवाज संगणकातून बाहेर पडताना थोडा उशीर, नानांचा तबला आत येताना थोडा उशीर, म्हणून मुद्रणात तबला गाण्याच्या मागे पडतो. स्पीकरची वायर सरळ माइकच्या भोकात जोडली, टक वाजवला, फरक आला ३१ मिलिसेकंद. तबल्याची सगळी पट्टी उचलून तेवढी अलीकडे सरकवली.

नानांनी ते मुद्रण पाटाशेजारच्या स्पीकरवर ऐकलं. पहिली सम आली तेव्हा त्यांची मान हलली. ते सात मिनिटांचं मुद्रण आता पुण्यात आहे, ती रोज त्यावर रियाज करते. तबला थांबल्यावरचे काही सेकंद मी त्यातून काढलेले नाहीत. तिथे ओसरीवरची चिमणी आहे, रस्त्यावरची एक बस आहे, आणि सव्वातीनशे किलोमीटरवर असलेल्या नातीला नाना म्हणत आहेत, "पुन्हा एकदा घे, पोरी."